थिसिसचा विषय मिळाला, आता संख्याशास्त्राचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी नाशिकला एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. गाइडनी विषय दिलाय. ऑर्गनोफॉस्फरस (एक प्रकारचं कीटकनाशक) विषबाधेच्या पेशंटमध्ये दाखल होतानाच्या सीरम कोलिनएस्टरेजवरून (हे विष ज्या एन्झाइमला निकामी करतं त्याची रक्तातली पातळी) व्हेंटिलेटर लागेल का, हे सांगता येतं का? सॅम्पल साइज ६० ठेव म्हणाले. दहावीनंतर गणिताशी संबंध राहिला नाही, एमबीबीएसला बायोस्टॅट पाठ करून पास झालो. संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र शिकायचं कुठून? कोणतं सॉफ्टवेअर? की डेटा गोळा करून सरळ स्टॅटिस्टिशियनकडे द्यावा?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. स्टॅटिस्टिशियनकडे जरूर जा, पण डेटा गोळा करून जाऊ नका. सिनॉप्सिसचा, म्हणजे थिसिसच्या आराखड्याचा, कच्चा मसुदा घेऊन जा. मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये आहे आणि थिसिसच्या मोसमात माझ्याकडे एक्सेलची फाइल घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. ‘मॅडम, यात काही सिग्निफिकंट निघतंय का बघा ना.’ तोवर बहुतेक गोष्टी हाताबाहेर गेलेल्या असतात. जो रकाना दाखल होताना भरलाच नाही, तो कुठल्याही टेस्टने भरता येत नाही.

म्हणून शिकण्याची सुरुवात टेस्टच्या यादीपासून करू नका. टी टेस्ट कधी, काय-स्क्वेअर कधी, मॅन-व्हिटनी कधी, हे सगळं महिनाभरात जमतं. ज्यात पोरं अडकतात ते वेगळंच असतं, आणि ते तुमच्याच विषयावर दाखवते, कारण विषय चांगला आहे आणि आपल्या भागातला आहे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमुळे कीटकनाशकाची बाटली इथे घराघरात असते, आणि त्या बागांत राबणारे कितीतरी मजूर हंगामापुरते पेठ-सुरगाण्याहून आलेले असतात. हे दोन्ही तपशील पुढे तुमच्या आकड्यांत घुसणार आहेत.

एक कोरा कागद घ्या आणि थिसिसमधला मुख्य तक्ता आज आखा, आकड्यांशिवाय. दोन आडव्या ओळी: कोलिनएस्टरेज कमी, कोलिनएस्टरेज बरं. दोन उभे रकाने: व्हेंटिलेटर लागला, नाही लागला. चार रिकामी घरं. आता स्वतःलाच विचारत बसा.

‘कमी’ म्हणजे किती? लॅबच्या नॉर्मल मर्यादेखाली, की त्या मर्यादेच्या निम्म्याखाली? हा आकडा आधी ठरला नाही, तर साठ पेशंट झाल्यावर सॉफ्टवेअर तुम्हाला त्या साठांवर सगळ्यात छान बसणारा कट-ऑफ काढून देईल. आरओसी कर्व्हही (वेगवेगळ्या कट-ऑफना टेस्ट किती बरोबर ओळखते याचा आलेख) सुंदर येईल. पण तो कट-ऑफ त्याच साठांवर बेतलेला असतो. एकसष्टाव्या पेशंटला तो तितका बसेलच असं नाही, सहसा बसत नाही. शिवाय काही पेशंट तालुक्याच्या खासगी लॅबचा रिपोर्ट हातात घेऊनच येतात. दोन लॅबचं किट आणि पद्धत वेगळी असेल तर त्यांचे आकडे एका रकान्यात घालता येत नाहीत. सगळ्यांचं रक्त एकाच लॅबला, दाखल होतानाच, असं प्रोटोकॉलमध्येच लिहा.

‘दाखल होताना’ म्हणजे तरी विष पोटात गेल्यावर किती तासांनी? आडगाव किंवा म्हसरूळचा माणूस तासाभरात येतो. सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग ग्रामीण रुग्णालयात आणि मग घाटरस्त्याने तुमच्यापर्यंत. तोवर त्याला ॲट्रोपिन मिळालेलं असतं, कदाचित पॅमही (दोन्ही या विषावरची औषधं). दोघांचा कोलिनएस्टरेज एकच आला तरी त्याचा अर्थ एक नाही. तेव्हा ‘किती तासांनी’ आणि ‘आधी काय दिलं’ हे दोन रकाने आजच वाढवा.

यातून आणखी एक गोष्ट निघते. तुमच्या वॉर्डात पोचलेला पेशंट म्हणजे विषबाधा झालेला कुणीही पेशंट नव्हे. सौम्य केस गावातच बरी झाली आणि अतिगंभीर वाटेतच गेली. या दोन्ही टोकांची माणसं तुमच्या रजिस्टरमध्ये नाहीत. पुस्तकात याला सिलेक्शन बायस म्हणतात आणि व्याख्या पाठ असते, पण स्वतःच्या विषयात तो कुठून शिरतो हे एकदा बघितलं की पाठ करावं लागत नाही. रुग्णालयातल्या पेशंटवरून काढलेले संबंध कसे फसवे असू शकतात हे मेयो क्लिनिकच्या बर्कसनने १९४६ मध्येच दाखवलं, अजूनही त्याच्या नावाने तो बायस ओळखला जातो.

आता उभे रकाने. व्हेंटिलेटर कुणी लावला आणि कशावरून? समजा नाइट ड्यूटीच्या रेसिडेंटने रिपोर्ट पाहिला, ‘कोलिनएस्टरेज फारच कमी आहे, इंट्युबेट करून (श्वासनळीत नळी घालून) ठेवू’ म्हणाला. झालं. तुमची टेस्ट ज्याचं भाकीत करणार होती ते तिनेच घडवून आणलं, आणि थिसिसमध्ये संबंध झकास दिसेल. दुसऱ्या रात्री आयसीयूत बेडच रिकामा नव्हता, म्हणून लागणाऱ्यालाही व्हेंटिलेटर मिळाला नाही. तो तुमच्या तक्त्यात ‘नाही लागला’ मध्ये गेला. म्हणून ‘व्हेंटिलेटर लागला’ ऐवजी ‘व्हेंटिलेटरची गरज निर्माण झाली’ हे निकष लिहून पक्कं करा: श्वसनाचा वेग, सॅच्युरेशन, मान उचलता येते का, आणि हे किती तासांपर्यंत पाहणार. इंटरमीजिएट सिंड्रोम (या विषानंतर उशिरा येणारा स्नायूंचा अशक्तपणा) साधारण २४ ते ९६ तासांत दिसतो, म्हणजे पहिल्या दिवशी बरा दिसलेला पेशंट तिसऱ्या दिवशी मान टाकू शकतो. पाहणी चार दिवसांच्या आत संपवलीत तर असे पेशंट चुकीच्या घरात पडतील.

आणि दारू. जुनाट पिणाऱ्याचं यकृत बिघडलेलं असेल तर त्याचं सीरम कोलिनएस्टरेज विषाआधीच कमी असतं, कारण हे एन्झाइम यकृतातच बनतं. कुपोषणात आणि गरोदरपणातही ते उतरतं. दुसरीकडे, दारूच्या नशेत विष घेतलेल्याला ॲस्पिरेशन होऊन (उलटी फुप्फुसात जाऊन) व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता वेगळीच वाढते. म्हणजे दारूचा धागा आडव्या ओळींनाही जोडलेला आणि उभ्या रकान्यांनाही. कन्फाउंडर म्हणतात तो हाच. दारूचा इतिहास, बिलिरुबिन, अल्ब्युमिन हे रकाने प्रोफॉर्मात (प्रत्येक पेशंटची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये) असतील तर शेवटी काहीतरी करता येईल.

हे सगळं झालं आणि अजून एकही टेस्ट आपण केलेली नाही. संशोधन पद्धती हा विषय मुख्यतः हाच आहे.

सॅम्पल साइजकडे येऊ. साठ हा आकडा कुठून आला? बहुधा मागच्या बॅचच्या थिसिसमधून. आपल्याकडे सगळ्यांना पाठ असलेलं सूत्र म्हणजे चार पी क्यू भागिले एल वर्ग. पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून उरलेली, एल म्हणजे किती टक्के इकडेतिकडे चालेल ते. तुमच्या टेस्टची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे व्हेंटिलेटर लागलेल्यांतले किती तिने ओळखले, ८५ टक्के असेल असं धरू आणि दहा टक्के चूक चालवून घेऊ. ४ × ८५ × १५ भागिले १००, म्हणजे ५१. पण हे ५१ कोण? व्हेंटिलेटर लागलेले पेशंट, कारण सेन्सिटिव्हिटी त्यांच्यातच मोजली जाते. चारातल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो असं धरलं तर ५१ मिळवायला एकूण २०४ पेशंट हवेत. साठ घेतलेत तर व्हेंटिलेटरवाले येतील पंधराएक. त्यातले तेरा टेस्टने बरोबर ओळखले तरी सेन्सिटिव्हिटी ८७ टक्के आणि तिचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पल्ल्यात असू शकतो तो, साधारण ६० ते ९८. म्हणजे टेस्ट उत्तम असेल किंवा जेमतेम. दीड-दोन वर्षं राबून एवढंच कळणार असेल तर ते आज माहीत असलेलं बरं. वर लॉजिस्टिक रिग्रेशन (अनेक घटकांचा परिणाम एकाच वेळी तपासायची पद्धत) करायची हौस असते. एका व्हेरिएबलमागे, म्हणजे तपासायच्या एका घटकामागे, निदान दहा घटना (इथे व्हेंटिलेटर लागलेले पेशंट) हव्यात असा ढोबळ नियम आहे. पंधरा घटनांत एक व्हेरिएबल बसतं, फार ओढलं तर दोन.

याच सूत्राचा एक सापळाही सांगून ठेवते. एल पाच टक्के धरायची सवय लागलेली असते. ज्या आजाराचं प्रमाणच पाच टक्के आहे तिथे ४ × ५ × ९५ भागिले २५, उत्तर ७६. कमी सॅम्पल आलं म्हणून मंडळी खूश होतात. पण पाच अधिक-उणे पाच म्हणजे शून्य ते दहा, आणि हे मोजायच्या आधीही माहीत होतं. तिथे एल हा पी च्या वीस टक्के, म्हणजे एकच टक्का धरला, तर १९०० लागतात. दोन टोकांमध्ये कुठे थांबायचं हे सूत्र सांगत नाही, ते वैद्यकीय समजेवर ठरतं, आणि ती समज स्टॅटिस्टिशियनकडे नसते, तुमच्याकडे असते.

गाइडना ‘साठ पुरत नाहीत’ असं सांगायचं कसं, ही खरी अडचण. वाद घालू नका. हिशेबाचा हा एक परिच्छेद लिहून समोर ठेवा आणि दोन पर्याय द्या: इतर दोन आयसीयूंना बरोबर घेणं, किंवा प्रश्न छोटा करणं. ‘कोलिनएस्टरेजवरून भाकीत’ ऐवजी ‘अशा रुग्णांचं वर्णन आणि व्हेंटिलेटर लागण्याचं प्रमाण’ हा प्रामाणिक विषय आहे. बहुतेक गाइड ऐकतात. न ऐकणारेही असतात. मग साठच घ्या, पण कॉन्फिडन्स इंटर्व्हल छापा आणि मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा.

पी व्हॅल्यूबद्दल. काहीच फरक नसताना नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ती पी व्हॅल्यू. ती समजून घ्यायला १९४८ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल हातात घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर औषध अपुरं होतं, सगळ्यांना देता येणारच नव्हतं, म्हणून कुणाला द्यायचं हे संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद पाकिटांतून रँडम पद्धतीने ठरवलं. औषध मिळालेले ५५, नुसत्या बेडरेस्टवरचे ५२. सहा महिन्यांत मृत्यू झाले ४ आणि १४.

आता कॅल्क्युलेटर घ्या. समजा औषधाचा काहीच उपयोग नाही. मग १०७ पैकी १८ मृत्यू दोन्ही गटांत सारख्या प्रमाणात वाटले जायला हवेत: पहिल्यात ९.२५, दुसऱ्यात ८.७५. प्रत्यक्षात पहिल्यात ४. फरक ५.२५. हाच फरक चारही घरांत येतो. त्याचा वर्ग करून प्रत्येक घरातल्या अपेक्षित आकड्याने भागा आणि चारही उत्तरं मिळवा. ७.४ च्या आसपास येतात. औषध निरुपयोगी असतं तर नुसत्या योगायोगाने ३.८४ च्या वरचा आकडा शंभरात पाचच वेळा आला असता, आणि हा तर त्याच्या कितीतरी वर आहे. काय-स्क्वेअर म्हणजे एवढंच. हे एकदा हाताने केलं की ‘पी म्हणजे औषध निरुपयोगी असण्याची शक्यता’ असं वाक्य तुमच्या तोंडून पुन्हा येणार नाही. ‘औषध निरुपयोगी’ हे आपण सुरुवातीलाच गृहीत धरून बसलो होतो. जे गृहीत धरलं त्याचीच शक्यता त्याच हिशेबातून कशी निघेल?

पण पेशंटच्या नातेवाइकाला पी व्हॅल्यू सांगून काय उपयोग? मृत्यूचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ७ वर आलं. फरक सुमारे २० टक्के, म्हणजे पाच जणांना औषध दिलं की सहा महिन्यांत एक मृत्यू टळतो. या फरकाचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल साधारण ६ ते ३३ टक्के. तुमच्या प्रत्येक तक्त्याखाली हे दोन आकडे असू द्या, फरक किती आणि तो कुठून कुठपर्यंत असू शकतो. पी त्यानंतर.

उलट बाजूही बघा. दोन गटांत वीस-वीस पेशंट, एकात १४ बरे, दुसऱ्यात १०. पी साधारण ०.२. थिसिसमध्ये लगेच वाक्य येतं, ‘दोन्ही उपचार सारखेच परिणामकारक’. फरकाचा इंटर्व्हल काढला तर उणे १० पासून अधिक ५० पर्यंत जातो. यात सारखेपणा कुठे दिसला? काहीच कळलं नाही, एवढंच दिसलं. हेच प्रमाण शंभर-शंभर पेशंटमध्ये, ७० आणि ५०, आलं असतं तर पी ०.००४. परीक्षक व्हायव्हात याच वाक्यावर पकडतात. माझ्या मते पकडायलाच हवं.

बाकीच्या नेहमीच्या चुका भराभर सांगते. हॉस्पिटलमधला मुक्काम ‘६.२ अधिक-उणे ७.१ दिवस’ असा लिहिला की उणे एक दिवस राहिलेला पेशंटही त्यात आला. असा डेटा एका बाजूला झुकलेला असतो, त्याला मीडियन (मधला आकडा) आणि इंटरक्वार्टाइल रेंज (मधल्या निम्म्या पेशंटचा पल्ला). स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता) छोटी दिसते म्हणून एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या) जागी छापू नये. पेशंटमधला फरक सांगायचा तर एसडीच. उपचाराआधी आणि नंतर एकाच पेशंटचं बीपी घेतलं तर टेस्ट पेअर्ड, म्हणजे जोडीने तुलना करणारी. एकाच माणसाचे दोन डोळे किंवा दोन गुडघे म्हणजे दोन पेशंट नव्हेत. आणि तीस शस्त्रक्रियांत एकही गुंतागुंत झाली नाही म्हणून ‘पूर्णपणे सुरक्षित’ लिहू नका. एकही घटना नसेल तर तीन भागिले पेशंटची संख्या ही वरची मर्यादा धरतात: तीन भागिले तीस, म्हणजे खरं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत असू शकतं.

मोजायचं एकक कोणतं, हा मुद्दा नीट समजायचा असेल तर गडचिरोलीतलं डॉ. अभय आणि राणी बंग यांचं काम वाचा. नवजात बाळांच्या घरोघरी काळजीचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ३९ गावांत ही सेवा, ४७ गावं तुलनेला, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. इथे सेवा एकेका बाळाला निवडून नव्हे, अख्ख्या गावाला दिली होती, म्हणजे एकक गाव. गावं रँडम निवडलेली नव्हती, मग तुलना कितपत टिकते, हा प्रश्न मनात ठेवून तो पेपर वाचा. जर्नल क्लबला निष्कर्षाचा परिच्छेद वाचून दाखवण्यापेक्षा अशा एका पेपरची पद्धत आणि पहिला तक्ता तासभर चिवडणं कितीतरी पटीने उपयोगी. मी तर माझ्या रेसिडेंटना ॲबस्ट्रॅक्ट झाकून ठेवायला लावते.

कोर्सचं म्हणाल तर चेन्नईच्या आयसीएमआर-राष्ट्रीय रोगपरिस्थितीविज्ञान संस्थेचा (एनआयई) बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन बेसिक कोर्स तुम्हाला करावाच लागेल. एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा केलाय. बरेच जण सर्टिफिकेटपुरता उरकतात, व्हिडिओ दुप्पट वेगाने लावून. कोर्स खरंच चांगला आहे. प्रत्येक भाग बघताना शेजारी स्वतःचं सिनॉप्सिस उघडं ठेवा आणि ऐकलेलं लगेच त्यात दुरुस्त करा. म्हणजे तोवर सिनॉप्सिस लिहायला घेतलेलं हवं.

सॉफ्टवेअरची चिंता सोडा. सॅम्पल साइज आणि दोन बाय दोनच्या तक्त्यांना ओपनएपी पुरतं, तेही फुकट. विश्लेषणाला जामोवी घ्या, तेही फुकट आणि माउसने चालतं. पुढे संशोधनातच राहायचं असेल तर आर शिका. हॉस्टेलमध्ये फिरणारी एसपीएसएसची क्रॅक कॉपी घेऊ नका. ती पेन ड्राइव्हमधून व्हायरस आणते आणि परवान्याचा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर नसतं.

त्याहून महत्त्वाची तुमची मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटची माहिती एकत्र असलेला एक्सेलचा तक्ता. एका ओळीत एक पेशंट, एका रकान्यात एकच माहिती. वयाच्या रकान्यात फक्त ४५, ‘४५ वर्षे’ नाही. लिंगाला एकच खूण, कुठे ‘एम’, कुठे ‘मेल’, कुठे ‘पु’ असं नको. माहिती मिळाली नाही आणि लक्षण नव्हतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीला कोरं घर ठेवलं तर नंतर तुम्हालाच कळणार नाही. गंभीर पेशंटच्या ओळी पिवळ्या रंगवायची पद्धत आहे, पण सॉफ्टवेअरला रंग वाचता येत नाही. त्यासाठी वेगळा रकाना करा. नाव, मोबाइल, आयपीडी नंबर एका कुलूपबंद यादीत आणि चार्टमध्ये फक्त अनुक्रमांक. विष घेऊन आलेल्या माणसाची ओळख व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या एक्सेलमध्ये असता कामा नये.

एथिक्स कमिटीची मंजुरी मिळेपर्यंत एकही पेशंट घेऊ नका. तुमचा अभ्यास निरीक्षणाचा आहे, पण बॅचमधल्या ज्या मित्राची ट्रायल आहे त्याला सांगा की सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत) नोंदणी पहिल्या पेशंटच्या आधी झाली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी घेत नाहीत.

हंगामी मजुरांचा मुद्दा वर सोडला होता. डिस्चार्जनंतर महिन्याने फॉलो-अप ठेवणार असाल तर छाटणी किंवा काढणी संपल्यावर ही माणसं गावी परततात, दिलेला मोबाइल बहुधा मुकादमाचा असतो आणि लागत नाही. सुटलेले पेशंट आणि आलेले पेशंट एकसारखे असतील असं धरता येणार नाही. आशाताईंमार्फत गावचा संपर्क दाखल असतानाच, पेशंटच्या संमतीने, घेऊन ठेवा. नाहीतर फॉलो-अप थिसिसमधून काढूनच टाका, वॉर्डातलाच निकाल मोजा. मी दुसरं सुचवेन.

आणि या आठवड्यात एक काम करा. परवानगी काढून रेकॉर्ड रूममधून मागच्या हंगामातले अशा पेशंटचे आठ-दहा केसपेपर काढा आणि तुमचा प्रोफॉर्मा त्यांवरून भरून बघा. विष घेतल्यापासूनचे तास, आधी दिलेलं औषध, दारूचा इतिहास, मान उचलता येते का: यातलं काय केसपेपरवर लिहिलेलंच नसतं ते दिसेल. ते रकाने पुढे तुम्हाला स्वतः कॅज्युअल्टीत उभं राहून भरावे लागणार आहेत. ती यादी आणि चार रिकाम्या घरांचा कागद घेऊन आधी गाइडकडे जा, मग स्टॅटिस्टिशियनकडे.